जुन्या हॉटेलचे स्वीट नव्याने घडवताना

जुन्या हॉटेलातल्या स्वीटचं, म्हणजे बैठक आणि शयनगृह जोडलेल्या खोल्यांच्या गटाचं, काम हाती घेतलं की सुरुवातीचे कितीतरी आठवडे डिझाइन करायचंच नसतं. खोली उघडायची, ठोकून बघायची, मोजायची, खरवडायची. मालकांना हे पटवायला वेळ लागतो, कारण त्यांना रंगीत चित्रं बघायची असतात. पलंग कुठे येणार, टब कसा असणार, पडदे कोणते. मी ज्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या स्वीटचं काम केलं, ती इमारत शंभरी ओलांडलेली. लाकडी तुळया, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, उंच छत, आणि या सगळ्यावर पुढच्या काळात चढत गेलेलं सिमेंट, प्लायवूड, खोटं छत आणि गालिचे. मालकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आजच्या पाहुण्याला लागतं ते सगळं हवं आणि खोली मूळची वाटायला हवी. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. त्यासाठी जुनं दुरुस्त करताना त्याच्याच जातीचं साहित्य वापरायचं, आणि नवं जे काही येईल ते उद्या कुणाला काढता येईल असं बसवायचं. पुढचं सगळं काम या दोन नियमांवर उभं राहिलं.

पहिला धागा मिळाला छतात. एका बैठकीच्या खोलीतलं खोटं छत उतरवलं तर वर प्लास्टरचं मोठं फूल होतं. त्यातूनच पूर्वी झुंबर लोंबत असणार. पण ते खोलीच्या मध्यावर नव्हतं, एका भिंतीला जवळजवळ चिकटलं होतं. कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत मिळतात तिथली प्लास्टरची नक्षीदार पट्टी, तीसुद्धा तीन भिंतींवरून नीट फिरून आलेली आणि चौथ्या भिंतीत शिरून गडप झालेली. गालिचा उचलल्यावर उरलासुरला संशयही फिटला. जमिनीच्या फळ्या त्या चौथ्या भिंतीखालून सलग पलीकडच्या खोलीत गेल्या होत्या. म्हणजे कधीतरी एका ऐसपैस दालनाचे दोन तुकडे करून दोन खोल्या म्हणून विकायला काढल्या होत्या. पलीकडे जाणारं दुहेरी दारही तिथेच सापडलं, प्लायवूडच्या मागे, बिजागऱ्यांसकट. नकाशा आम्ही काढलाच नाही म्हणा ना, खोलीनेच तो दाखवला. आडवी भिंत काढली, फूल पुन्हा मध्यावर आलं आणि स्वीटची बैठक ठरून गेली.

जुन्या हॉटेलांमध्ये हे फार दिसतं. मुळात तिथे खोल्यांचे गट असायचे. बैठक, शयनगृह, सोबतच्या नोकरांसाठी छोटी खोली, ट्रंका ठेवायची जागा. खोलीला लागून स्वतःचं न्हाणीघर असणं ही पुष्कळ उशिरा रुळलेली गोष्ट. लंडनचं सव्हॉय हॉटेल १८८९ मध्ये सुरू झालं तेव्हा विजेचे दिवे आणि लिफ्ट हे त्याचं मोठं आकर्षण होतं. पॅरिसमध्ये सेझार रिट्झ यांनी १८९८ मध्ये हॉटेल उघडलं, तेव्हा खोलीला जोडून बाथरूम देणं ही चर्चेची बाब ठरली. त्याआधीच्या किंवा तितक्या ऐपतीच्या नसलेल्या इमारतींत बाथरूम नंतर कोंबलेलं असतं. बहुतेक वेळा खिडकी अर्धी कापून आणि कॉर्निस फोडून.

रंगाचा शोध मला सगळ्यात आवडतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. दाराच्या चौकटीचा हाताने फारसा न घासला जाणारा कोपरा निवडायचा आणि शस्त्रक्रियेच्या सुरीने एकेक थर सोलत जायचं. मग बारीक, ओल्या पॉलिश पेपरने तिथे गोल खळगा करायचा, म्हणजे थर एकात एक वलयांसारखे दिसतात. आमच्या चौकटीवर वरचा पांढरा, त्याखाली दोन वेगवेगळे क्रीम, एक चॉकलेटी, आणि अगदी तळाशी करडी छटा असलेला फिकट हिरवा. पण नुसते थर मोजून भागत नाही. प्रत्येक थर म्हणजे स्वतंत्र रंगकाम नसतं, अस्तरही असतं. नमुना भिंगाखाली आडवा धरला की दोन थरांमध्ये कधी काळपट मळीची बारीक रेघ दिसते. ती रेघ असेल तर खालचा रंग बरीच वर्षं उघड्यावर होता, तोच त्या काळातला शेवटचा हात. रेघ नसेल तर खालचा थर अस्तराचा. शिवाय रंगद्रव्यावरून काळाचा अंदाज येतो. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात रुळला १९२० नंतर, तेव्हा ज्या थरात तो सापडतो तो थर सहसा त्याआधीचा नसतो.

आणखी एक बारकावा. जवसाच्या तेलातला जुना रंग अंधारात, म्हणजे दुसऱ्या रंगाखाली दबून राहिला की पिवळा पडतो. सोललेल्या जागेवर लगेच शेडकार्ड धरलं तर जास्त पिवळट छटा निवडली जाते. म्हणून उघडी केलेली जागा काही आठवडे दिवसाच्या उजेडात तशीच ठेवली. पिवळेपणा उतरला आणि खरा करडा-हिरवा वर आला. तो रंग आज शयनगृहात आहे. मालकांना आधी तो उदास वाटला होता. सकाळच्या उजेडात पूर्ण भिंतीवर पाहिल्यावर त्यांनी हरकत मागे घेतली. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासकाम पूर्ण बंद होतं. ओलं करून खरवडणं, तोंडाला योग्य मास्क, कचरा वेगळ्या पिशवीत, आणि कामाच्या जागेतून बाहेर पडताना कपडे बदलणं. यात कुणालाही सूट दिली नाही.

सगळ्यात मोठा वाद झाला एका बाथरूमवरून. तेवढं एकच बाथरूम १९३० च्या दशकातल्या नूतनीकरणातलं, भिंतींना काळी चकचकीत काच, क्रोमच्या कडा, बिडाचा एनॅमल केलेला टब. बाकीच्या स्वीटशी त्याचा काही मेळ नव्हता. सल्लागारांपैकी एकाचं म्हणणं पडलं की सगळं एका काळाचं करू, मूळच्या शैलीत नवं बाथरूम बांधू. मी विरोध केला. एक तर मूळच्या काळात तिथे बाथरूमच नव्हतं, मग ‘मूळच्या शैलीतलं’ म्हणजे आपण मनाने रचलेलं. दुसरं, जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलचा १९६४ चा आंतरराष्ट्रीय व्हेनिस करारनामा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: वास्तूवर प्रत्येक काळाने केलेली मोलाची भर जपावी, शैली एकसारखी करणं हा जीर्णोद्धाराचा हेतू नाही. त्याच करारनाम्यात असंही आहे की जिथून अटकळ सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ही दोन कलमं मी बैठकीत वाचून दाखवली.

बाथरूम राहिलं. काचेचे सुटलेले तक्ते मागच्या डांबरी लगद्यावर थापून बसवलेले होते. ओढून काढले तर फुटणार हे नक्की. वाफेने हळूहळू उबवून, बारीक तार फिरवून ते सोडवले, मागचं सगळं साफ केलं आणि परत लावले. फुटलेल्या तक्त्यांच्या जागी मागून काळा रंग दिलेली काच लावली. ती जवळून पाहिली तर वेगळी ओळखू येते आणि तशी ती यावी हेच योग्य. टबाला पुन्हा एनॅमल दिलं नाही, फक्त पॉलिश केलं. आज पाहुणे तो स्वीट मागून घेतात तो या बाथरूमसाठी, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

भिंतींचं काम चिकाटीचं. उत्तरेच्या भिंतीला खालच्या हातभर उंचीत लोणा, म्हणजे ओलीने वर आलेले क्षार, लागलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले. प्रत्येक डागडुजीत तिथे सिमेंटचा गिलावा चढवला गेला होता आणि प्रत्येक वेळी ओल आणखी वर सरकली होती. कारण सरळ आहे. चुन्यातली जुनी भिंत ओल घेते आणि पृष्ठभागातून सोडून देते. वर सिमेंट थापलं की सोडायची वाट बंद होते, पाणी आतच राहतं, क्षार साचतात आणि सिमेंट संपतं तिथून ओल बाहेर पडते. आम्ही आधी बाहेरची गळकी पन्हळ आणि भिंतीलगत चढत गेलेली फरसबंदी दुरुस्त केली, कारण पाणी येतच राहिलं तर आतल्या गिलाव्याला काही अर्थ नाही. मग सिमेंट हाताने, छिन्नीने काढलं. मशीन लावलं नाही, विटांचे कोपरे उडतात.

नंतर चुन्याचा गिलावा, तीन हातांत. चुना आधी मुरवून ठेवलेला, वाळू जाड-बारीक मिसळलेली. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, आणि त्यासाठी त्याला थोडा ओलावाही लागतो. म्हणून पहिला हात पुरेसा घट्ट होईपर्यंत दुसरा द्यायचा नाही, आणि ऊन-वाऱ्याने तो भराभर सुकणार नाही याचीही काळजी घ्यायची. मिस्त्री रोज सकाळी भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारून ओलं गोणपाट टांगायचे. ठेकेदाराच्या वेळापत्रकात या थांबण्याला जागा नव्हती. ते म्हणाले, “मॅडम, एवढ्या वेळात मी सिमेंटमध्ये सगळा मजला उरकला असता.” मी त्यांना खालच्या मजल्यावर, पूर्वी असंच उरकलेल्या भिंतीपाशी घेऊन गेले. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

छताचं प्लास्टर लाकडी पट्ट्यांवर होतं. ओलं प्लास्टर पट्ट्यांच्या फटींतून वर चढून तिथे आकड्यासारखं अडकतं आणि त्यावर सगळं छत लटकून राहतं. कालांतराने हे आकडे तुटतात आणि प्लास्टर पट्ट्यांपासून सुटतं, खालून मात्र छत ठणठणीत दिसतं. बोटांच्या पेरांनी ठोकत गेलं की भरीव आवाज मध्येच पोकळ होतो. असे सगळे पोकळ भाग खडूने आखले. वरच्या मजल्याच्या फळ्या जिथे उचलता आल्या तिथे वरून नवा आधार ओतला. बाकी ठिकाणी रुंद चकत्यांचे स्टीलचे स्क्रू खालून लावून छत परत पट्ट्यांना आवळलं आणि चकत्या गिलाव्यात बुजवल्या. पाडून पीओपीचं नवं छत करणं स्वस्तात आणि झटपट झालं असतं. पण हाताने ओढलेल्या छताचा पृष्ठभाग किंचित लहरत जातो, उजेड त्यावर मऊ पसरतो, आणि ते नव्या बोर्डावर आणता येत नाही.

कॉर्निसवर डिस्टेंपरचे इतके थर होते की पानांची नक्षी नुसते फुगवटे वाटत होती. वाफ आणि लाकडी काड्या, एवढ्याच हत्यारांवर ती उघडली. देठाची शीर दिसू लागली तेव्हा काम करणाऱ्या दोघी पोरी खाली उतरायला तयार नव्हत्या. तुटलेल्या भागासाठी शाबूत भागावरून पत्र्याचा साचा कापला आणि ओल्या प्लास्टरवरून तो ओढत जागेवरच नवी कॉर्निस काढली. सुटी पानं सिलिकॉनच्या साच्यात ओतून चिकटवली.

आता सोयींकडे वळते. पाहुणा स्वीटसाठी जे पैसे मोजतो त्यातला मोठा भाग दिसत नसलेल्या गोष्टींसाठी असतो. गरम पाणी लगेच यावं, शेजारचा आवाज येऊ नये, एसीचा झोत अंगावर येऊ नये. हे सगळं एका जुन्या, न कापता येणाऱ्या सांगाड्यात बसवायचं. आम्ही आधी इमारतीतल्या रिकाम्या वाटा शोधल्या. बंद पडलेल्या फायरप्लेसची धुराडी आणि स्वयंपाकघरातून ताटं वर नेणाऱ्या छोट्या लिफ्टचा कधीच बुजवलेला बोगदा. पाण्याचे उभे नळ त्या बोगद्यातून नेले आणि हवेचे पाइप धुराड्यांतून. एसीचं यंत्र स्वीटच्या प्रवेशाच्या छोट्या लॉबीत ठेवलं. तिथलं छत तेवढं खाली घेतलं, त्यामुळे बैठकीच्या आणि शयनगृहाच्या छताला हात लावावा लागला नाही.

दुसरं, नवं बाथरूम आम्ही खोलीत खोली असं केलं. त्याच्या भिंती कॉर्निसच्या बऱ्याच खाली थांबतात आणि वर काच आहे, म्हणून जुनं छत पलंगावरूनही अखंड दिसतं. कुठेही जुन्या भिंतीत खाच नाही. फरशीखाली जलरोधक थर दिल्यावर पाणी साठवून ठेवलं आणि खालच्या खोलीचं छत तपासलं, मगच पुढे गेलो. टबाबद्दल मात्र मालकांचा दगडी टबाचा आग्रह मोडावा लागला. भरलेल्या टबात सहज अडीचशे लिटर पाणी असतं, म्हणजे तेवढेच किलो, त्यात दगडाचं वजन आणि माणसाचं. लाकडी तुळयांवर हा भार एकाच जागी नको, असं स्ट्रक्चरल इंजिनियरने हिशेब मांडून सांगितलं. हलक्या साहित्याचा टब आला आणि त्याचा भार स्टीलच्या चौकटीवरून थेट भिंतींवर नेला.

पलंगामागे भिंतीवर लाकडी पॅनेलिंग होतं. तिथे स्विच, चार्जिंग, वाचायचे दिवे हवेत, पण पॅनेलिंगला भोक पाडायचं नाही. मग पलंगाचा मागचा फळा स्वतंत्र उभा केला, भिंतीपासून बोटभर पुढे. वायर जमिनीतून त्यात येतात. तो हलवला तर मागे पॅनेलिंग जसंच्या तसं आहे.

या पॅनेलिंगमुळेच एसी चालवण्याच्या पद्धतीवर हॉटेलशी बराच खल झाला. पाहुणा कार्ड काढून बाहेर पडला की एसी पूर्ण बंद होतो, ही सगळीकडची रीत. जुन्या लाकडाला ती मानवत नाही. हवा दिवसातून कितीदा तरी कोरडी-दमट होते, लाकूड आकसतं-फुगतं आणि फळ्या सांध्यांशी चिरतात. आम्ही असं मांडलं की कार्ड काढल्यावर तापमान थोडं सैल सोडा, पण यंत्र बंद करू नका, आणि हवेतला दमटपणा शक्यतो ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. विजेचं बिल वाढेल ही हॉटेलची काळजी रास्त होती. स्वीटपुरतंच हे मान्य झालं.

आवाजाचं सांगायचं तर जुन्या माणसांनी तो विचार आधीच केलेला होता. तुळयांच्या मधल्या पोकळीत राख, वाळू आणि चुन्याचा भुगा भरलेला सापडला. मजुरांनी तो कचरा समजून पोती भरायला घेतली होती, ते वेळीच थांबवलं. हाच भराव खालच्या-वरच्या खोलीतला आवाज अडवतो. खिडक्यांची जुनी, किंचित लहरी काच ठेवली आणि आतून वेगळी दुसरी खिडकी बसवली. दोन काचांत १०० मिलिमीटरहून जास्त अंतर ठेवलं की रस्त्याचा आवाज कमी करायला ती पातळ दुहेरी काचेपेक्षा सरस पडते.

मग एकच स्वीट पूर्ण सजवून तयार केला, बाकीच्यांना हात न लावता. नमुन्याच्या स्वीटवर खर्च नको असं म्हणणारे मालक भेटतात. मला तो खर्च सगळ्यात सार्थकी लागणारा वाटतो. हॉटेलचेच कर्मचारी तिथे आळीपाळीने मुक्कामाला राहिले. अंधारात हात नेमका कुठल्या स्विचवर जातो, बॅग उघडी ठेवायला जागा पुरते का, शॉवरचं पाणी दाराबाहेर येतं का, हे नकाशावर कळत नाही. हाउसकीपिंगच्या प्रमुख बाई फिरून आल्या आणि म्हणाल्या, “सुंदर झालंय. पण तो वरचा दिवा पुसायला रोज शिडी आणावी लागेल, आणि शिडी या दारातून वळत नाही.” दिवा कप्पीवर खाली घेता येईल असा केला. पडद्यांचं वजन, बेसिनजवळची कपड्यांची कडी, गादीच्या बाजूला चादर खोचायला सोडलेली जागा, हे सगळं त्यांच्या सांगण्यावरून बदललं. त्यांच्याशी सुरुवातीपासून बोलायला हवं असं मी आता प्रत्येक मालकांना सांगते.

वेळेबद्दल मालकांना पहिल्याच बैठकीत सावध करून ठेवलं होतं. सव्हॉय नूतनीकरणासाठी डिसेंबर २००७ मध्ये बंद झालं ते साधारण सोळा महिन्यांत उघडायचं होतं, प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१० उजाडलं. पॅरिसचं रिट्झ २०१२ ते २०१६ बंद राहिलं. पैसा आणि माणसं यांची तिथे वाण नव्हती. जुन्या इमारतीत भिंत उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही, म्हणून वेळात आणि खर्चात राखीव भाग आधीच धरलेला बरा. आमच्याकडे तो धरला होता आणि सगळा वापरला गेला.

काम सुपूर्द करताना आम्ही देखभालीची जाड फाइल दिली. चुना-वाळूचं प्रमाण, रंगांचे नमुने, बंद केलेल्या प्रत्येक पोकळीचा फोटो आणि नळ-वायरींची जागा. साफसफाईच्या पानांवर मी सर्वांत जास्त जोर दिला. जुन्या फर्निचरला लाखेचं पॉलिश आहे आणि ते स्पिरिटमध्ये विरघळतं, तेव्हा सॅनिटायझर मारलेला फडका त्यावर फिरवायचा नाही. संगमरवरावर आम्लाचं क्लीनर नाही, ते दगड खातं. भिंतीला भेग पडली तर पुट्टी आणि प्लास्टिक इमल्शन नाही, चुनाच.

उत्तरेच्या भिंतीवर मात्र अजून पक्का रंग दिलेला नाही. अशी भिंत वाळायला ढोबळमानाने इंचाला महिनाभर लागतो आणि ती चांगली अठरा इंच जाड आहे. तिथे सध्या चुन्याची सफेदी आहे. इंजिनियरिंग विभाग दर महिन्याला ओलाव्याची नोंद घेऊन मला पाठवतो. आकडे उतरत आहेत. ते स्थिर झाले की करडा-हिरवा तिथेही लागेल, तोवर तो स्वीट थोड्या कमी भाड्यात द्यायचं हॉटेलने मान्य केलं आहे.